कृष्णातचा मामा

बसमध्ये कुणी उठून जागा दिली तर तो बसत नसे. ‘पुढंच उतरायचंय’ म्हणे, आणि शेवटच्या थांब्यापर्यंत दांडा धरून उभा राही.

न्हाव्याच्या खुर्चीत बसला की डोळे मिटून घेई. पैसे देताना उघडे.

जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढे. वर पोचल्यावर धाप दिसू नये म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत थांबे.

हसताना वरचा ओठ खाली ओढून धरी.

सायकलवरून जाताना मोठ्यांदा शिट्टी वाजवी.

नव्या माणसाशी बोलताना कुठूनही वाट काढून शाळेवर येई. “बांगलादेशची लढाई झाली तवा आम्ही आठवीत की!” मग समोरचा मनातल्या मनात हिशेब करतो का, हे बघत राही. बहुतेक जण करत नसत.

आणि मला त्यानं ओळखीच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “दादा-बिदा म्हणायचं न्हाय. नुसतं कृष्णात म्हण. अरे-तुरे कर.” मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो.

मराठी घेऊन बी.ए. झालो आणि उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत हजेरी लिहायला लागलो. कृष्णात तिथं मोल्डर होता. वाळू ठोकून साचा करायचा, भट्टीतून आलेलं वितळलेलं लोखंड त्यात ओतायचं. वर्ष अठ्ठ्याण्णव. त्याचं वय एक्केचाळीस. दिसायचा साठीचा.

केस तिशीतच पांढरे झालेले. त्याच्या वडिलांचेही तसेच झाले होते म्हणे. दाढा आणि वरचे पुढचे दात गेल्यामुळे गाल आत गेलेले. भट्टीकडचा गाल करपल्यासारखा. सुरकुत्यांत काळी वाळू बसलेली, ती साबणानं जात नसे. मिशी मात्र भरघोस, पांढरीशुभ्र.

वडील लवकर वारले. दोन बहिणींची लग्नं त्यानं केली. स्वतःकडे वळला तेव्हा तिशी उलटली होती. मुली बघायला जाई. नकार येई. नकारात एक प्रश्न ठरलेला असे. “बिजवर हाय का?” पहिली बायको वारली असेल, किंवा सोडलेली असेल, आणि हे लोक लपवत असतील, असा संशय. कुणी तोंडावर विचारी, कुणी मध्यस्थाला.

मी कामाला लागलो त्याच वर्षी तो आईला, बनाबाईला, डोळ्यांच्या शिबिराला घेऊन गेला. डॉक्टर बनाबाईला म्हणाले, “यजमानांचेही डोळे तपासून घ्या आता.” बनाबाई मोकळेपणानं हसली. “अवो, ह्यो माझा ल्योक!” रांगेतली सगळी हसली. कृष्णात बाहेर गेला तो परत आत आला नाही. डोळ्यांत थेंब घातलेली बनाबाई भिंतीला हात लावत लावत एकटी घरी आली. त्यानंतर तो आईला घेऊन कुठंच जाईना.

पण आणखीही एक होतं. आकाराम म्हणून आमच्याच फौंड्रीत एक पोरगा होता. त्याचं लग्न ठरायच्या बैठकीला मुलाकडून बोलायला वडीलधारं माणूस नव्हतं. बाप नाही, चुलत्याशी भांडण. त्यानं कृष्णातला नेलं. फेटा बांधून मधोमध बसवलं. कृष्णात सावकाश बोलला. मध्ये मध्ये थांबला. मानपान, जेवणावळ, दोन्हीकडचे रुसवे त्यानं एका बैठकीत मिटवले. सुपारी फुटली. तेव्हापासून गल्लीत कुणाचीही बैठक असली की त्याला बोलावणं येई. तिथं त्याचा आवाज वेगळा होई. जड, खालच्या पट्टीतला. नव्या सुना त्याच्या पाया पडत, तो डोक्यावर हात ठेवून ‘सुखी ऱ्हावा’ म्हणे. पस्तीस-छत्तीस वर्षांचा असल्यापासून.

मी एकदा विचारलं, “कशाला जातोस?”

“तिथं ह्यो चेहरा उपेगी पडतो, धम्मा,” तो म्हणाला. “दुसरीकडं कुठं पडतोय सांग.”

त्या पावसाळ्यानंतर शालूबाईनं स्थळ आणलं. शालूबाई लग्नं जमवायची. मुलगी कबनूरची, वर्षाराणी. वय चौतीस. बालवाडीत शिकवायची. तिचं मागं एकदा ठरलेलं लग्न हळदीच्या आदल्या दिवशी मोडलं होतं. नवऱ्या मुलाला आधीची बायको होती आणि त्यानं ते दडवलं होतं. मग वर्षाराणीनंच कितीतरी वर्षं कुणाला बघायला येऊ दिलं नव्हतं.

“माझ्या दिसण्याचं आधी कानावर घाल,” कृष्णात शालूबाईला म्हणाला.

“त्ये मी बघती. चाळिशीचा हाय म्हणून सांगितलंय. सोमवारी पावणं येत्यात म्हणून निरोप धाडलाय. मी संगं असतीय न्हवं?”

सोमवारी सकाळी शालूबाईच्या भावकीत कुणी गेलं. तिला सुतक. शुभकार्याला ती येऊ शकत नव्हती. जायचं की नाही यावर कृष्णात तासभर घरातल्या घरात फिरला. मग मला म्हणाला, “चल.”

नवी पॅंट, नवा शर्ट. केस झाकायला पांढरी टोपी. टोपीत तो आणखी म्हातारा दिसत होता. मी सांगितलं. त्यानं टोपी काढली, आरशाकडे न बघता केसांवर हात फिरवला, आणि परत घातली.

कबनूरच्या त्या गल्लीत घराघरातून यंत्रमाग चालू होते. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. दारात मुलीचा मोठा भाऊ उभा होता, हंबीरराव. अंगाखांद्यानं भक्कम, केस काळेभोर. त्यानं आत हात करून माग बंद करायला लावले. एकदम शांत झालं.

“या मामा, या,” तो कृष्णातला म्हणाला. “वाटंत तरास न्हाय न्हवं झाला?”

आम्ही जाजमावर बसलो. कृष्णातला त्यानं लोडाशी बसवलं. मला बाजूला.

“ह्यो धम्मपाल,” कृष्णात म्हणाला. “आमच्या हापिसात असतोय.”

हंबीरराव माझ्या नावावर क्षणभर थांबला. मग तांब्या माझ्याही पुढं केला.

“शालूबाईंचा निरोप मिळाला,” तो म्हणाला. “आधी थोरली माणसं येऊन बघून जात्यात ह्येच बरं. पोराला मागनं आणा. तुम्ही पोराचं मामाच न्हवं?”

मी कृष्णातकडे बघितलं. एक शब्द पुरे होता.

“अहो, हेच तर…” मी सुरुवात केली.

कृष्णातचा हात माझ्या गुडघ्यावर पडला. बोटं रुतली.

“व्हय,” तो म्हणाला. “मामा.”

तो बैठकीतला आवाज होता. जड, खालच्या पट्टीतला.

मी पोह्यांच्या बशीकडे बघत राहिलो. हंबीरराव बोलत होता. “आता माझंच बघा मामा, बेचाळीस सरलं. माझी पोरं कालेजात जात्यात. धाकल्या भनीचं मातूर ऱ्हायलं. जिवाला घोर हाय.” कृष्णातहून वर्षानं मोठा माणूस त्याला मामा म्हणून घोर सांगत होता, आणि कृष्णात मान डोलवत होता.

वर्षाराणी चहा घेऊन आली. उंच, सावळी. मान खाली घातलेली नव्हती. कपबशा ठेवून समोरच बसली.

“विचारा की काय विचारायचं त्ये,” हंबीरराव म्हणाला.

“विचारायचं मलाच आहे,” ती म्हणाली. “दादा, विचारू?” आणि उत्तराची वाट न बघता कृष्णातकडे वळली. “ते स्वभावानं कसे आहेत?”

कृष्णातनं कप खाली ठेवला.

“रागीट न्हाय,” तो म्हणाला. “कामाला वाघ हाय. बहिणींचं केलं, आईचं करतोय. व्यसन न्हाय. जरा लवकर थकल्यागत दिसतोय. पर थकलेला न्हाय.” त्यानं घसा खाकरला. “वयापरास मोठा दिसतोय, पोरी. लय मोठा. ते तुला चालंल का, एवढं आजच सांग.”

“दिसण्याचं काही नाही, मामा,” ती म्हणाली. “मागच्या वेळचा दिसायला देखणा होता. मला फक्त एक सांगा. या खेपेला आमच्यापासून काही लपवलेलं नाही ना?”

हीच वेळ होती. कृष्णातलाही ती कळली. त्याचा हात टोपीकडे गेला. टोपीला लागला, आणि तिथंच थांबला.

“न्हाय,” तो म्हणाला.

ती उठली. पदर घेतला आणि वाकून त्याच्या पाया पडली. टोपीवरचा त्याचा हात आपोआप खाली आला, तिच्या डोक्यावर टेकला.

“सुखी ऱ्हावा,” तो म्हणाला.

निघताना हंबीररावानं त्याला मानाचा टॉवेल आणि टोपी दिली. “आवस झाली की पोराला धाडतो,” असं कृष्णातनं सांगितलं. आमच्या पाठीमागं माग परत सुरू झाले.

आम्ही इचलकरंजीच्या स्टँडवर आलो. मग मी ओरडलोच.

“हे काय केलंस?”

“त्यानं मामा म्हटलं आन् मी मामा झालो,” तो म्हणाला. “दारातच पाय लटपटाय लागलं रे. मीच नवरा म्हटलं असतं, तर त्या माणसाचं तोंड कसं झालं असतं, मला ठाऊक हाय. धा वर्सं बघतोय ते तोंड. आज बघू वाटंना.”

“आता?”

“जाऊन सांगतो.”

“कधी?”

“सांगतो म्हटलं न्हवं!”

त्यानं सांगितलं नाही. मी रोज विचारी. तो रोज ‘उद्या’ म्हणे. तिकडून शालूबाईला निरोप आला, मामांचं बोलणं पटलं, मुलगी तयार आहे, मुलाला लवकर पाठवा. शालूबाईला वाटलं, यानं स्वतः न जाता नात्यातल्या कुणाला तरी मामा म्हणून पाठवलं असेल. ती खूष होती. बनाबाईनं तर शेजारणींना सांगून टाकलं. दहा वर्षांत पहिल्यांदा होकार आला होता, आणि तो कुणाला आला होता हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

एका सकाळी तो फौंड्रीत आला आणि गेटवर वॉचमननं त्याला अडवलं. केसांना कलप लावला होता. काळा, निळसर झाक असलेला. मिशी साफ काढलेली. कितीतरी वर्षं झाकलेला वरचा ओठ उघडा पडला होता, आत गेलेला, बाकीच्या चेहऱ्यापेक्षा गोरा. तो तरुण दिसत नव्हता. ओळखू येत नव्हता, एवढंच.

“आयला, ह्यो कोण नवा भरती झाला?” आकाराम ओरडला. “ओ पावणं, जोडीचं मिशीवालं म्हातारं कुठं सोडलंसा?”

सगळा शेड हसला. कृष्णातनंही हसायचा प्रयत्न केला. ओठ खाली ओढायला गेला, पण आता त्यावर मिशी नव्हती.

दुपारी मी म्हणालो, “कृष्णात, याला काही अर्थ नाही. तिनं एकच गोष्ट विचारली होती.”

“अजून चार दिस हाईत आवसंला,” तो म्हणाला. “तू गप.”

उद्यमनगरला सोमवारची सुट्टी असे. अमावास्येआधीच्या त्या सोमवारी त्यानं घराची पुढची भिंत चुन्यानं रंगवायला घेतली. घर म्हणजे पुढंमागं दोन खोल्या. मी बादलीत चुना ढवळून देत होतो. तो शिडीवर होता, डोक्याला वर्तमानपत्राची टोपी, तोंडावर चुन्याचे शिंतोडे. दारापासून खिडकीपर्यंत भिंत झाली होती. बनाबाई आत चहाचं बघत होती.

मोटरसायकल थांबली. पुढं हंबीरराव, मागं वर्षाराणी.

आमच्याकडे मुलीकडची माणसं न सांगता घर बघायला येतात. सांगून आलं की घर आवरलेलं दिसतं. हे कृष्णातला माहीत होतं. इतरांच्या लग्नांत त्यानंच ते कितीदा मुलाकडच्यांना सांगितलं होतं. स्वतःच्या वेळी विसरला होता.

“ओ पावणं, कृष्णात मोल्डरांचं घर ह्येच का?” हंबीररावानं वर बघून विचारलं.

शिडीवर हालचाल थांबली.

“व्हय.”

“घरात हायत का?”

“मीच कृष्णात.”

मी ढवळायची काठी हातात धरून उभा राहिलो. हंबीरराव त्याच्याकडे निरखून बघत होता.

“आगा बाबौ! पावण्यांनी स्वतःच भिंत रंगवाय घेतली!” तो हसला. “बघितल्याबरुबर वळखाय पायजे हुतं. हुबेहूब मामांचं वळण!” मग बहिणीकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, “जरा उतरल्यालं दिसत्यात. पर मामांनी सांगितलंच हुतं की.”

वर्षाराणी कृष्णातकडे बघत होती. चुना, काळे केस, उघडा ओठ, सगळं तिनं नीट बघितलं. नाक मुरडलं नाही. उलट तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला, हे मला स्पष्ट दिसलं. दहा वर्षं ज्या चेहऱ्याची त्याला भीती होती, तो आलाच नाही.

“घर मीच बघणार म्हटलं दादाला,” ती त्याला म्हणाली. “राग नाही ना आला?”

“न्हाय, न्हाय,” कृष्णात म्हणाला. आवाज बारीक, घाईचा. त्याचा स्वतःचा.

तो शिडीवरून उतरायला लागला. मी त्याच्याकडे बघत होतो, तो माझ्याकडे बघत नव्हता. सगळं जमलं होतं. आता त्यानं काही बोलायचंच नव्हतं.

“मामा कुठं आहेत?” वर्षाराणीनं विचारलं. “इथंच असतात ना? त्यांच्याच शब्दावर आलो आम्ही. बोलवा की, आधी त्यांच्या पाया पडते.”

“गावाकडं गेल्यालं दिसत्यात,” हंबीरराव म्हणाला.

त्यानं तेही सोपं करून दिलं होतं. नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं. त्या दिवशीसारखंच.

कृष्णात शेवटच्या पायरीवर थांबला. हातातला ब्रश जमिनीवर ठिबकत होता. आत बनाबाईच्या कपबशा वाजल्या.

“मामा न्हाईत,” तो म्हणाला.

“न्हाईत म्हंजी?”

“मला मामाच न्हाय. त्या दिवशी मीच आल्तो.”

त्यानं कागदाची टोपी काढली. चुना तसाच हातानं तोंडावरून पुसला. करपलेला गाल दिसला.

हंबीररावाला कळायला वेळ लागला. कळल्यावर तो एका ढांगेत पुढं आला आणि त्याची गचांडी धरली. शिडी आडवी झाली. मी मध्ये घुसलो.

“खेळ लावलाय व्हय रं? माझ्या भनीला पाया पडाय लावलंस? मी तुला मामा मामा करतोय, आन् तू आशीर्वाद देतोस?”

“दादा, सोडा,” वर्षाराणी म्हणाली. आवाज वाढवला नव्हता. हंबीररावानं सोडलं.

ती कृष्णातसमोर येऊन उभी राहिली.

“मी विचारलं होतं, काही लपवलंय का.”

“व्हय.”

“तुम्ही नाही म्हणालात.”

“व्हय.”

“आणि तो स्वभाव सांगितलात, तो?”

“तेवढं खरं हुतं,” कृष्णात म्हणाला.

“मामांचं बोलणं ऐकून मी हो म्हटलं,” ती म्हणाली. “असा माणूस ज्या घरात वडीलधारा आहे, ते घर चांगलं असणार, असं वाटलं.” मग हळू म्हणाली, “मी तुमच्या पाया पडलेय हो. त्याच माणसाच्या गळ्यात माळ कशी घालू?”

ती वळली आणि मोटरसायकलकडे गेली.

बनाबाई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा मोटरसायकल कोपऱ्यावर वळत होती. “पावणं आल्तं व्हय रं? चहा बी न पिता कसं सोडलंस?” ती विचारत राहिली. कृष्णातनं तिच्या हातातली ताटली घेतली, तिला आत नेऊन बसवलं आणि सगळं सांगितलं. मी बाहेरच थांबलो. आतून तिचा आवाज एकदाच आला. “आरं माझ्या लेकरा.”

शालूबाई दुसऱ्या दिवशी येऊन गल्ली ऐकेल अशा शिव्या देऊन गेली. गोष्ट फौंड्रीत पोचली. बरेच दिवस कुणी त्याला मामा म्हणालं की शेडमध्ये हशा होई. तो मान खाली घालून वाळू ठोके. हळूहळू केसांची मुळं पांढरी झाली, मग सगळे केस. मिशी त्यानं परत ठेवली. बैठकीला मात्र कुणी बोलवायला आलं तर सांगे, “माझं तेवढं वय न्हाय.” ती मंडळी चेष्टा समजून हसत. तो हसत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात वर्षाराणीचं लग्न नेसरीकडच्या एका शिक्षकाशी झाल्याचं शालूबाईकडूनच कळलं. मी त्याला सांगितलं. “बरं झालं,” तो म्हणाला, आणि साचा उचलला.

मी पुढं साताऱ्याला नोकरीला गेलो. सुट्टीत आलो की त्याच्याकडे जातो. बनाबाई दर दसऱ्याला त्या भिंतीवरून कटकट करते. त्या सोमवारी ती माणसं गेल्यावर त्यानं शिडी उभी केली होती, ब्रश बुडवला होता, आणि वर चढायच्या आधीच खाली ठेवला होता. “उद्या करू,” म्हणाला. दुसऱ्या दिवशी बादलीतला चुना घट्ट झाला. अजून दारापासून खिडकीपर्यंत भिंत पांढरी आहे. खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत पूर्वीचीच, काळपट.